ताट बदलले, जनुके बदलली का?

चाकणचा कांदा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अलीकडे मात्र चाकण म्हटले की कांद्याच्या आधी मोटारींचे कारखाने आठवतात. या बदलाची सुरुवात पिंपरीला झाली. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन तयार करणारी कंपनी स्थापन झाली. तिच्यामागून यंत्रे, स्कूटर, मालमोटारी बनविणारे कारखाने आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे उद्योगांची ही रांग नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत जाऊन पोचली.

या सत्तर वर्षांत येथील माणसांचे ताटही बदलले. पूर्वी खेड, मावळ, शिरूरकडच्या घरांत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, कांदा, ठेचा आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी असे जेवण असे. मावळात भात. तेल घाण्यावरचे, तेही जपून वापरायचे. कोंबडी-मटण सणावारी किंवा जत्रेला. दिवसभर शेतात राबणे होतेच. आज त्याच घरातला मुलगा रात्रपाळीला बसने जातो, उभ्याने यंत्र चालवितो, कँटीनमध्ये पोळी-भात खातो आणि मधल्या सुट्टीत चहा, बिस्किटे, वडापाव. घरात रिफाइंड तेलाचा डबा येतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक प्रश्न विचारू या. ताट बदलले; मग ते अन्न पचविणारी, त्यापासून शरीर घडविणारी आपली जनुके बदलली का? बदलत असतील तर किती वेगाने? आणि बदलली नसतील तर काय होते? या प्रश्नाचा थोडा उलगडा करणारे संशोधन पुणे परिसरातच झालेले आहे.

जनुके “जुळवून घेतात” म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए या रसायनाचे लांबच लांब धागे असतात. त्यांवर चार रासायनिक अक्षरांची लिपी असते. त्या लिपीतील एखादा अर्थपूर्ण उतारा म्हणजे जनुक. बहुतेक जनुके कोणते ना कोणते प्रथिन कसे बनवायचे याची कृती सांगतात. अन्नातील पदार्थांची मोडतोड आणि जोडणी करणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, ही अशीच प्रथिने आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून.

डीएनएची नक्कल होताना कधीतरी एखादे अक्षर चुकते, गळते किंवा जास्तीचे घुसते. याला उत्परिवर्तन म्हणतात. ते आंधळेपणाने घडते. भाकरी खाणाऱ्याला भाकरी पचावी म्हणून ते घडत नाही. पण एकदा घडले, आणि त्यामुळे त्या परिस्थितीत जगणे थोडे सोपे झाले, तर ते बाळगणाऱ्यांची मुले थोडी अधिक संख्येने जगतात. पिढ्यान्‌पिढ्या असे होत राहिले की ती प्रत समाजात पसरते. हीच नैसर्गिक निवड.

तेव्हा “आहारामुळे जनुके बदलली” हे बोलणे सोयीचे असले तरी नेमके नाही. एका माणसाने आयुष्यभर काहीही खाल्ले तरी त्याच्या मुलांना त्या आहाराला सोयीची नवी जनुके मिळत नाहीत. आहार फक्त चाळणीचे काम करतो. धान्य चाळणी तयार करीत नाही. आधीच असलेल्या धान्यातले काय वर राहील आणि काय खाली जाईल एवढे ती ठरविते.

बावीस अक्षरांची गोष्ट

आता एक खरे उदाहरण पाहू. आपल्या पेशींच्या आवरणाला, मेंदूला आणि रक्ताला ॲराकिडॉनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल लागते. त्याच्यापासून प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. जखम झाली की सूज आणणे, ताप येणे अशा कामांत ती भाग घेतात. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनाला १९८२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे.

मांस, मासे, अंडी यांत ॲराकिडॉनिक आम्ल तयार मिळते. धान्ये, कडधान्ये आणि भाज्या यांत ते जवळजवळ नसते. मग वरणभात किंवा भाकरी-पिठले खाणारा माणूस ते आणतो कोठून? शरीर ते घरीच तयार करते. कच्चा माल म्हणजे वनस्पतींच्या तेलातील लिनोलीइक आम्ल. त्याच्या रेणूत कार्बनचे १८ अणू असतात आणि दोन दुहेरी बंध. त्यात दोन कार्बन आणि आणखी दोन दुहेरी बंध घातले की २० कार्बनचे ॲराकिडॉनिक आम्ल तयार होते. हे दुहेरी बंध घालणारी विकरे ज्या जनुकांच्या सांगण्यावरून बनतात ती आपल्या ११ व्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. त्यांना फॅड्स-१ आणि फॅड्स-२ अशी नावे आहेत.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील कुमार कोठापल्ली, टॉम ब्रेना आदी संशोधकांनी पुण्यातील कल्पना जोशी यांच्यासह २०१६ साली या जनुकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. फॅड्स-२ जनुकात, त्याचे काम कमीजास्त करणाऱ्या भागात, २२ अक्षरांचा एक तुकडा असतो. काही माणसांत तो असतो, काहींत गळलेला असतो. आपण पहिलीला “लांब प्रत” आणि दुसरीला “तोकडी प्रत” म्हणू. रक्तपेशींची तपासणी केली तेव्हा दोन्ही प्रती लांब असणाऱ्यांत ॲराकिडॉनिक आम्ल अधिक आढळले. म्हणजे त्यांचा घरगुती कारखाना जोरात चालतो.

मग या प्रती कोणाकडे किती आहेत ते मोजले. पुण्यातील, मुख्यतः शाकाहारी अशा २३४ व्यक्ती आणि अमेरिकेतील ३११ व्यक्ती तपासल्या. दोन्ही प्रती लांब असलेल्या व्यक्ती पुण्यात ६८ टक्के निघाल्या. अमेरिकेत त्या केवळ १८ टक्के होत्या.

जगभरच्या नमुन्यांतही असाच फरक दिसला. दोन्ही लांब प्रती दक्षिण आशियात सुमारे ७० टक्के लोकांत, आफ्रिकेत ५३, पूर्व आशियात २९ आणि युरोपात १७ टक्के लोकांत आढळल्या. नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडणे कठीण. डीएनएच्या आजूबाजूच्या अक्षरांवरूनही, नैसर्गिक निवडीने दक्षिण आशियात लांब प्रतीची बाजू घेतली असावी असे दिसते.

याच्या उलट टोकाला ग्रीनलंडचे इन्युइट लोक आहेत. बर्फाच्या प्रदेशात धान्य पिकत नाही. शेकडो पिढ्या त्यांचे पोट मासे, सील आणि व्हेल यांवर भरले. तयार मेदाम्ले पानात असताना घरचा कारखाना जोराने चालविण्याची गरज काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्युइटांच्या याच फॅड्स जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या ठळक खुणा सापडल्या. पण त्या कारखाना मंद ठेवणाऱ्या प्रकाराच्या बाजूने. एकच जनुक, दोन हवामाने, दोन आहार आणि दोन उलट निकाल!

वर्तमानपत्रांची गफलत

पुण्याच्या नमुन्यांवरील हा निबंध प्रसिद्ध होताच काही इंग्रजी वृत्तपत्रांनी भडक मथळे दिले. शाकाहारामुळे डीएनए बदलतो आणि कर्करोगाचा धोका वाढतो, असा त्यांचा सूर होता. यातली चूक तुमच्या लक्षात आली का?

पहिली चूक कार्यकारणाची. शाकाहाराने कोणाचाही डीएनए बदलला नाही. ज्यांच्याकडे लांब प्रत आधीच होती त्यांना धान्यावर जगणे सोपे गेले, म्हणून ती पसरली. दुसरी चूक म्हणजे या अभ्यासात कर्करोगाचे रुग्ण मोजलेच नव्हते. संशोधकांनी मांडली ती एक शंका. सूर्यफूल, करडई, सोयाबीन या तेलांत लिनोलीइक आम्ल भरपूर असते. घरचा कारखाना आधीच जोरात, त्यात कच्चा मालही अतोनात, मग ॲराकिडॉनिक आम्ल गरजेपेक्षा जास्त होऊन शरीरातील दाह वाढत असेल काय? ही शंका रास्त आहे; तिला सिद्धान्त म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. लांब प्रतीला “शाकाहाराचे जनुक” म्हणण्याची घाई नको. ती आफ्रिकेतही निम्म्याहून अधिक लोकांत दुहेरी आहे, आणि तिचा कोणत्याही धर्माशी किंवा जातीशी संबंध नाही. आपल्याकडे मांसाहार करणाऱ्या घरांतही बाराही महिने पोट भरले ते धान्याने आणि डाळीने. चाळणीला पंगत कोणाची आहे हे दिसत नाही. पानात काय पडले एवढेच दिसते.

इनामगाव ते चाकण : एक हिशेब

पण हे पान किती जुने आहे? त्यासाठी चाकणहून पूर्वेला, त्याच भीमेच्या खोऱ्यात जाऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी केलेल्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यांचे मुख्य पीक जव, म्हणजे सातू, होते. मसूर, हुलगा, वाल अशी कडधान्येही ते खात. गुरे पाळीत, शिकार करीत, मासे धरीत. म्हणजे आपल्या भागात धान्य आणि कडधान्य निदान साडेतीन हजार वर्षे ताटात आहे.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक पिढी २५ वर्षांची धरू. इनामगावच्या पहिल्या शेतकऱ्यांपासून आजपर्यंत सुमारे ३६०० वर्षे, म्हणजे १४४ पिढ्या झाल्या. पिंपरीचा पहिला कारखाना निघाल्यापासून पिढ्या झाल्या अवघ्या तीन.

समजा, एखाद्या प्रतीचा फायदा अगदी लहान आहे. तोकडी प्रत बाळगणाऱ्यांची १०० मुले जगतात तेव्हा लांब प्रत बाळगणाऱ्यांची १०२ जगतात. आरंभी दोन्ही गट सारखे आहेत. चक्रवाढ व्याजाचे गणित तुम्हाला येतेच. तीन पिढ्यांनंतर प्रमाण होईल १०० ला १०६. एवढा फरक गावात कोणाच्या लक्षातही येणार नाही. १४४ पिढ्यांनंतर मात्र ते होईल १०० ला सुमारे १७००! प्रत्यक्षात हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, कारण प्रती जोडीने येतात आणि माणसे स्थलांतर करतात. चाकणला आज विदर्भ, मराठवाडा, बिहार, ओडिशा येथून माणसे आली आहेत; त्यामुळेही येथील प्रतींचे प्रमाण बदलते. पण मुख्य मुद्दा पक्का आहे. नैसर्गिक निवड चक्रवाढ व्याजासारखी असते. तिला वेळ द्यावा लागतो, आणि कारखान्याच्या भोंग्याला तेवढा धीर नसतो.

ताकाची युक्ती

जनुकांची वाट न पाहता माणूस दुसरा मार्गही काढतो. दुधातील साखर, म्हणजे दुग्धशर्करा, पचविणारे लॅक्टेज हे विकर तान्हेपणी सर्वांना असते. मोठेपणी बहुतेक माणसांत ते कमी होते. मग जास्त दूध प्यायल्यावर पोट फुगते. काहींत मात्र लॅक्टेजच्या जनुकाजवळचे एकच अक्षर बदललेले असते आणि त्यांना जन्मभर दूध पचते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतातील शंभराहून अधिक समाजगटांची तपासणी झाली. युरोपात आढळते तेच अक्षर येथेही आढळले. गुरे पाळणाऱ्या समाजांत ते अधिक होते, आणि वायव्येकडून पूर्वेकडे व दक्षिणेकडे ते कमी होत जाते.

पण ज्यांच्याकडे ते अक्षर नाही त्यांनी दूध सोडले का? नाही. त्यांनी विरजण लावले. दह्यातले जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आपणच संपवितात आणि उरलेली पचविण्यासही मदत करतात. जे काम जनुकाला शेकडो पिढ्या लागून झाले असते ते मडक्यात एका रात्रीत होते.

गर्भातली घडण

जनुके सावकाश बदलतात आणि ताट झटपट बदलते. यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आईच्या पोटातील नऊ महिने.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रिया शेतीची कष्टाची कामे करणाऱ्या. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. पुण्याची बाळे वजनाने, स्नायूंनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हडकुळी दिसणारी ही बाळे आतून मेदयुक्त! असे शरीर पुढे भरपूर अन्न आणि थोडे श्रम अशा जगात पडले की मधुमेहाकडे लवकर झुकते.

मोठेपणीही हा फरक राहतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. युडकिन यांनी एक गमतीदार छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनाचा काटा सगळे सांगत नाही, हे यावरून कळते. यातला किती वाटा जनुकांचा आणि किती गर्भातील पोषणाचा, यावर अजून काम चालू आहे.

याच अभ्यासात निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. येथे जनुकांची मर्यादा स्पष्ट होते. ॲराकिडॉनिक आम्ल बनविण्याची यंत्रणा शरीरात होती, म्हणून निवडीला ती वाढविता आली. ब-१२ बनविण्याची यंत्रणा कोणत्याही प्राण्यात किंवा वनस्पतीत नाही; ते केवळ सूक्ष्मजीव बनवितात. चाळायला धान्यच नसेल तर चाळणी काय करणार? ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून किंवा औषधातूनच घ्यावे लागते. म्हणूनच याज्ञिकांच्या अभ्यासातील मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब-१२ देऊन पुढच्या पिढीची बाळे अधिक निकोप होतात का, हे पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला.

मग आपण काय करायचे?

“आमच्या रक्तातच साखर आहे, त्याला इलाज नाही,” असे घरात कोणी म्हणाले तर त्यांना हा हिशेब दाखवा. तीन पिढ्यांपूर्वी शेतात राबणाऱ्या पणजोबांची जनुके आणि कारखान्यात जाणाऱ्या पणतवाची जनुके जवळजवळ तीच आहेत. तीच जनुके घेऊन पणजोबा एका परिस्थितीत जगले आणि पणतू दुसऱ्या परिस्थितीत जगत आहे. परिस्थिती बदलणे आपल्या हाती पुष्कळसे असते. रोजचे चालणे-खेळणे, कडधान्य, दही, बेताचे तेल, आणि घरातील मुलींचे व गरोदर स्त्रियांचे पोषण या गोष्टींना शंभर पिढ्या लागत नाहीत.

जवसाच्या चटणीलाही येथे मान द्यायला हवा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. हे लिनोलीइक आम्लाचे भावंड. दोघेही त्याच फॅड्स विकरांपुढे रांग लावतात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याचा नंबर मागे पडतो. तेव्हा आजीच्या चटणीत रसायनशास्त्र नाही असे समजू नका.

करून पाहा

वहीत तीन रकाने आखा : आजी-आजोबा तुमच्या वयाचे असताना, आई-वडील तुमच्या वयाचे असताना, आणि तुम्ही. प्रत्येकासाठी लिहा : सकाळ-संध्याकाळ काय खाल्ले जाई, तेल कोणते व महिन्याला किती, दूध-दही किती, शाळेला किंवा कामाला किती चालत जावे लागे. वर्गातील सर्वांचे तक्ते एकत्र करा. चाकणच्या मूळ गावकऱ्यांची मुले, मराठवाड्यातून आलेल्यांची मुले आणि परप्रांतांतून आलेल्यांची मुले यांचे पहिले रकाने किती वेगळे आहेत आणि शेवटचे रकाने किती सारखे झाले आहेत, ते मोजा. शिक्षकांनी हे तक्ते विज्ञान प्रदर्शनात मांडावेत. त्यांत एकही जनुक दिसणार नाही, पण या तीन पिढ्यांत जे खरोखर बदलले ते सगळे दिसेल.